‘गारवा’ आणि आमची रोवणी

डोंबिवलीहून सासरी निघाले तेव्हा माझ्या बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये अकरा कॅसेट होत्या. आई म्हणाली, "अगं, तिकडे काय गाणी नसतात?" तिचं बरोबर होतं, पण मला धीर नव्हता. लग्न १९९९च्या मे महिन्यातलं. त्याच महिन्याच्या एक तारखेला गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला होता. त्यामुळे पत्रिकेवर काय छापायचं, ‘जि. भंडारा’ की ‘जि. गोंदिया’, यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली होती. शेवटी जुन्याच जिल्ह्याचं नाव छापलं गेलं आणि मी मात्र नव्या जिल्ह्यात राहायला आले.

हावडा मेलमधून गोंदियाला उतरलो आणि तिथून जीपने गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी. वाटेत दोन्ही बाजूंना सपाट, कोरडी, मातकट जमीन. तिचे लहान लहान चौकोन पाडलेले आणि प्रत्येक चौकोनाला मातीचा उंच काठ. "ही काय शेतं?" असं मी विचारलं, तर हे हसून म्हणाले, "ह्या बांध्या. पाऊस येऊ दे, मग बघ."

त्या अकरा कॅसेटमधली सर्वांत झिजलेली कॅसेट होती ‘गारवा’.

ज्यांची कॉलेजची वर्षं नव्वदीच्या शेवटी गेली, त्यांना या नावाबद्दल फार सांगावं लागणार नाही. सौमित्र यांच्या कविता आणि मिलिंद इंगळे यांचं संगीत व गाणं, अशा दोघांनी मिळून केलेली ही पावसाच्या गाण्यांची कॅसेट १९९८च्या आसपास बाजारात आली. ना सिनेमाचं पाठबळ, ना मोठ्या गायिकेचं नाव. एक कवी आणि एक गायक-संगीतकार, बस. आमच्या वर्गात ती एका मुलीने आणली आणि दोन आठवड्यांत ती इतक्या घरी फिरली, की परत मिळाली तेव्हा कव्हर एकाचं आणि कॅसेट दुसऱ्याची अशी अवस्था होती. मग मी माझी स्वतःची घेतली. लोकलच्या गर्दीत वॉकमनचा एक कान मला आणि दुसरा मैत्रिणीला, अशी आम्ही ती किती ऐकली असेल!

त्या काळात हिंदीत अशा खासगी अल्बमचे दिवस होते. १९९५ साली अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ गाजलं. पुढच्याच वर्षी लकी अलीचा ‘सुनो’ आला आणि हरिहरन व लेस्ली लुईस या जोडीचा ‘कलोनियल कझिन्स’सुद्धा. कीबोर्ड आणि अनेक ट्रॅकवर वेगवेगळं ध्वनिमुद्रण करण्याची सोय आल्यामुळे पन्नास वादकांचा ताफा एकाच वेळी स्टुडिओत बसवायची गरज उरली नव्हती. दोन माणसांनी मनात आणलं तर अल्बम निघू शकत होता. मराठीत मात्र भावगीत म्हटलं की अजून ‘शुक्रतारा’च डोळ्यांसमोर यायचं. मंगेश पाडगांवकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि अरुण दाते-सुधा मल्होत्रांचे आवाज यांची ती गोडी कोण नाकारील? पण ते गाणं साठीच्या दशकातलं, आमच्या आईवडिलांचं होतं. आम्हाला आमच्या वयाचं काही हवं होतं आणि ते ‘गारवा’ने दिलं.

त्यात नवं काय होतं? चाली सोप्या, आठवणीत चटकन बसणाऱ्या होत्या. वाद्यमेळ हलका होता आणि गायकाचा आवाज सभागृहातल्या शेवटच्या रांगेसाठी नव्हता, शेजारी बसलेल्या माणसासाठी होता. हे सगळं खरं असलं, तरी हिंदीत ते आधी येऊन गेलं होतं. ‘गारवा’चं खरं वेगळेपण म्हणजे गाण्याआधी कवी स्वतः बोलतो. ते निवेदन नाही; ती कविताच असते, पण मित्राशी गप्पा मारत असल्यासारखी सांगितलेली. उन्हाळ्याचा कंटाळा, आभाळात काहीतरी हालचाल, मनात एक जुनी ओळख. आणि बोलता बोलता माणूस थांबतो, एक श्वास जातो आणि गाणं सुरू होतं. बोलणं कुठे संपलं आणि सूर कुठे लागला, हे पहिल्या ऐकण्यात कळतही नाही.

कविता मोठ्याने वाचण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि पाडगांवकर हे तिघे गावोगाव जाऊन काव्यवाचन करत आणि लोक तिकीट काढून ऐकायला बसत. पण ते वाचन व्यासपीठावरचं, टाळ्यांचं. ‘गारवा’ने तेच वाचन माईकच्या अगदी जवळ आणलं आणि त्याच्या शेवटाला गाण्याचं टोक बांधून दिलं. आणखी एक गोष्ट कॅसेटमुळे झाली असं मला वाटतं. कॅसेटवर एखादा भाग गाळून पुढे जाणं कटकटीचं असतं. बटण दाबून धरायचं, अंदाजाने सोडायचं, पुढे गेलं की पुन्हा मागे आणायचं. त्यापेक्षा कविता ऐकून घेतलेली बरी! अशी ऐकता ऐकता ती आमची पाठ झाली. गाण्यांपेक्षा बोलणंच जास्त पाठ झालं, हे कबूल केलं पाहिजे.

दोषही सांगायला हवेत. दुसरी बाजू लागेपर्यंत पाऊस, आठवण, ती, पुन्हा पाऊस, असं एकाच वासाचं होऊ लागतं. सलग ऐकली तर साखर थोडी जास्त झाल्यासारखी वाटते. पण वीस वर्षांच्या मुलीला साखर जास्त झाली, असं कधी वाटलंय का?

तर अशी ती कॅसेट घेऊन मी सासरी आले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला. मी स्वयंपाकघरातली कामं आटोपून ओसरीवर टेप लावला. मला वाटलं होतं, पाऊस पडतोय, चहा झालाय, सगळे क्षणभर बसतील. पण घरात एकही माणूस बसलेला नव्हता. हे पऱ्ह्यांची जागा बघायला गेलेले, सासूबाई बियाण्याच्या पोत्याशी, जाऊबाई गोठ्यात. एकटे मामाजी, म्हणजे माझे सासरे, चिखलाचे पाय धुवायला आले होते, ते तसेच उभे राहून ऐकू लागले. एक गाणं झालं. दुसरं झालं. मग म्हणाले, "बाई, पानी आला का हे लोक खिडकीतच कायले बसतेत?"

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. कवितेतलं काय कळणार यांना, असं मनात आलं, हे आज लिहिताना लाज वाटते. कारण त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. माझ्या त्या लाडक्या पावसाला सगळीकडे खिडकी होती. डोंबिवलीत पाऊस म्हणजे खिडकी, लोकलचं दार, कॉलेजचा जिना, कुणीतरी छत्रीत घेईल का याची वाट. फार तर गाड्या बंद पडून अर्धी सुट्टी. इथे पाऊस म्हणजे काम सुरू झाल्याची घंटा. ना. धों. महानोर यांचा पाऊस असा कामाचा आहे. ‘रानातल्या कविता’ लिहिणारा हा कवी स्वतः पळसखेड्याचा शेतकरी. ‘जैत रे जैत’ची गाणीही त्यांचीच. त्यांच्या ओळींना चिखलाचा वास येतो, हे मी कॉलेजात परीक्षेसाठी लिहिलं होतं. तो वास कसा असतो ते मला त्या जुलैत कळलं.

रोवणी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. जूनच्या पावसावर एका कोपऱ्यात धान दाट पेरून रोपं तयार करतात, ते पऱ्हे. तीन-साडेतीन आठवड्यांनी ते उपटून त्यांच्या पेंढ्या बांधायच्या. तोवर बांधीत पाणी साचवून, नांगर फिरवून चिखल करून ठेवायचा. मग बायका ओळीने वाकून, मागे मागे सरकत एकेक रोप चिखलात खोचत जातात. डोक्यावरून प्लास्टिकची खोळ, पोटऱ्यांपर्यंत गाळ आणि दिवसभर कंबर वाकलेली. वरून पाऊस सुरूच. तो थांबावा असं कुणालाच वाटत नाही, कारण तो थांबला तर चिखल वाळेल. आणि त्या वाकलेल्या ओळीतून गाणी येतात. एकीने उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं. पहिल्या वर्षी हौसेने मी तासभर ओळीत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठता येईना, म्हणून आख्खं घर हसलं.

‘गारवा’ मात्र घरात राहिला आणि गंमत म्हणजे तो टिकवला मामाजींनीच. गाणी त्यांना कधी फारशी आवडली नाहीत. "गाना ठीक आहे," एवढंच. पण संध्याकाळी ओसरीवर आले की म्हणायचे, "त्या बोलनाऱ्याले लाव." बोलणारा म्हणजे सौमित्र. कविता संपून गाणं सुरू झालं की त्यांचं लक्ष विडीकडे जायचं आणि पुढची कविता आली की पुन्हा कान टवकारायचे. माझं नेमकं उलटं होतं. एका कॅसेटवर आम्ही दोघं असे आळीपाळीने ऐकायचो.

एकदा ते म्हणाले, "हा मानूस नाटकातला आहे."

मी म्हटलं, "नाही मामाजी, कवी आहेत ते."

"असन कवी. पन नाटकातला आहे. कुठे थांबाचं ते कवीले नाई समजत, नाटकवाल्याले समजते."

यावर मी काय बोलणार? आमचा हा भाग झाडीपट्टीचा. दिवाळीनंतर मंडई भरू लागली की गावोगाव नाटकं होतात, रात्री सुरू होतात आणि कोंबडं आरवेपर्यंत चालतात. दंडार तर त्याहून जुनी. मामाजी तरुणपणी कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून चार-चार कोस चालत नाटकाला जायचे. गावातल्या नटाने वाक्य कुठे तोडलं आणि कुठे गिळलं, हे त्यांना वीस वर्षांनीही सांगता यायचं. आणि त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. सौमित्र हे टोपणनाव; माणूस किशोर कदम, सत्यदेव दुबे यांच्या तालमीत तयार झालेला रंगभूमीवरचा नट. मला ते पुढे कधीतरी वर्तमानपत्रात वाचून कळलं. ज्यांनी शाळेची चार यत्तांपलीकडे पायरी चढली नव्हती, त्यांनी ते ओसरीवर बसून नुसत्या कानाने ओळखलं होतं.

‘गारवा’ इतका का चालला, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं असं वाटतं. लोक म्हणतात पावसामुळे, कुणी म्हणतं चालींमुळे. माझ्या मते तो चालला एका नटाच्या थांबण्यामुळे. त्या थांबण्यात गायकाला शिरायला जागा मिळाली. दोघांतला एक जरी काढला तरी उरलेला अर्धाच राहतो. पुढे या जोडीने ‘सांज गारवा’ही केला आणि २००३पासून संदीप खरे व सलील कुलकर्णी यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’ म्हणत कवी आणि संगीतकार अशी जोडी थेट रंगमंचावर बसवली. शब्दवाला आणि सूरवाला शेजारी शेजारी बसलेले पाहायची सवय मराठी श्रोत्याला तोवर लागली होती.

आता २००२चं सांगते.

त्या वर्षी जून बरा गेला. पऱ्हे टाकले, ते उगवले, हिरवेगार झाले. आणि जुलैत पाऊस गेला तो गेलाच. नुसत्या आमच्याकडे नव्हे. त्या जुलैत देशभरातच सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. आमची शेती कालव्याची नाही. वर आभाळ आणि खाली गावाचा मामा तलाव, मालगुजारांच्या काळातला. त्यातलं पाणी पायरीपायरीने खाली गेलं. पऱ्ह्यांना रोवणीचं वय होऊन गेलं. रोप जास्त दिवस पऱ्ह्यातच राहिलं की त्याला पुढे फुटवे कमी येतात, हे मला तोवर कळायला लागलं होतं. जमिनीला भेगा पडल्या. रोज संध्याकाळी घरातले पुरुष पश्चिमेकडे बघत उभे राहायचे आणि न बोलता जेवायला बसायचे.

मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. माहेरी जायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. पैशाचं नावच काढायची सोय नव्हती. एका दुपारी फारच उदास वाटलं म्हणून मी आतल्या खोलीत टेप लावला. हळूच लावला होता. पण घर शांत होतं आणि त्या कॅसेटमधला पाऊस सगळ्या घरभर पडू लागला.

जाऊबाई घागरीने पऱ्ह्यांना पाणी घालून परतत होत्या. सकाळपासूनची त्यांची ती कितवी खेप होती कोण जाणे. त्या दारात थांबल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मयताच्या घरी सनई वाजवतेत का वो?"

मी टेप बंद केला. रात्री यांच्याशी भांडले. म्हटलं, तीन वर्षांत माझी स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट या घरात आहे, तीही ऐकायची नाही का? हे काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या कॅसेट पत्र्याच्या पेटीत टाकल्या आणि पेटी माळ्यावर ठेवली. दोन दिवस मी आणि जाऊबाई एका चुलीशी बसूनही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी दुसरी घागर उचलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चुंबळ माझ्या डोक्यावर सरकवून दिली. ती पऱ्हे आम्ही दोघींनी मिळून नऊ दिवस जगवली. ऑगस्टात थोडा पाऊस आला, तेव्हा पाचांपैकी दोन बांध्यांत रोवणी झाली. उरलेल्या पडीत राहिल्या. दिवाळीआधी मामाजींनी बैलजोडी विकली. बैल घेऊन जाणारा माणूस आला तेव्हा ते मुद्दाम तलावाकडे निघून गेले होते.

पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला. रोवणी संपली त्या संध्याकाळी मामाजी ओसरीवर बसले होते. बाहेर धो धो चालू होतं, बांध्या काठोकाठ भरल्या होत्या, बेडकांनी कान किटले होते. ते म्हणाले, "बाई, तो तुहा बोलनारा कुठं गेला?"

माळ्यावरून पेटी काढली. वर्षभराच्या दमटपणाने फितीवर पांढरी बुरशी धरली होती. फडक्याने पुसली, पेन्सिल घालून हाताने एकदा पुढे, एकदा मागे फिरवली आणि लावली. कविता बऱ्यापैकी लागली, जरा खरखर होती इतकंच. मग गाणं सुरू झालं आणि फीत ओढू लागली. आवाज जाड झाला, डगमगला, नाकातून आल्यासारखा येऊ लागला. जाऊबाई आतून बघायला आल्या.

मामाजींनी शांतपणे निदान केलं, "बोलनारा चांगला आहे. गानाऱ्याले सर्दी झाली."

जाऊबाई अशा हसल्या की हातातली परात खाली ठेवावी लागली. वर्षभरात त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यानंतर ती कॅसेट फार दिवस चालली नाही.

मामाजी २०११ साली गेले. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. आम्ही तो नंतर टीव्हीवर पाहिला. त्यातला डुकरं पकडणारा बाप, कचरू, फार थोडं बोलतो. मान खाली, शब्द तोंडातल्या तोंडात. चित्रपट अर्धा झाला तरी माझ्या लक्षात आलं नाही. मग एका ठिकाणी तो काहीतरी बोलता बोलता थांबला आणि मी यांचा हात धरला. "अहो, हा तो आहे. आपला बोलणारा." हे पडद्याकडे बघतच म्हणाले, "बाबांनी सांगितलंच होतं."

मुलगी आता पुण्यात नोकरी करते. यंदा जूनमध्ये एका संध्याकाळी तिचा फोन आला. तिकडे पाऊस सुरू होता आणि पाठीमागे ‘गारवा’ लागलेला ऐकू येत होता. तिच्या फोनमध्ये नुसती गाणी आहेत. कविता कुणीतरी कापून टाकलेल्या. मी म्हटलं, "अगं, याच्या आधी एक माणूस बोलतो." ती म्हणाली, "हो? मग तू म्हणून दाखव ना." मी सुरुवात केली. पंचवीस वर्षांनंतरही एक शब्द चुकला नाही. फक्त कुठे थांबायचं ते मला तितकंसं जमलं नाही.

ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, "तिकडे आला का गं पाऊस?"

मी फोन कानाला तसाच धरून तलावाच्या पाळीवर गेले. पाणी अजून तिसऱ्या पायरीखाली होतं.

"अजून नाही," म्हटलं. "तू ऐक तोवर."